दोन दिवसांचं काम

४ जानेवारी

ती. काकांना नमस्कार,

मी ढलपी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी चार वर्षांची होते. सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये सारखी तुमच्या पायात लुडबुडायची, म्हणून हे नाव तुम्हीच ठेवलंत असं आई सांगायची. आता चौतिशी आली तरी घरात माझं नाव तेच आहे. आई जाण्याआधी माझ्या वहीत तुमचा पत्ता लिहून गेली. "अडलीस तर ह्यांना विचार, बाबांना सांगू नकोस," म्हणाली. आता अडलेय, म्हणून लिहितेय.

बाबांना दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावखुरे असल्यामुळे कामाचा हात तेवढा वाचला. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत खुर्चीत बसून असतात. काही हवं असलं की वाटीवर चमचा वाजवतात आणि मी हातातलं टाकून धावते. दुपारी तीन ते चार बाजारात जाते, तेवढाच काय तो माझा बाहेरचा वारा. बाकी दीड वर्ष मी ह्या दोन खोल्यांच्या पलीकडे गेलेले नाही.

आता मुद्द्यावर येते. दूरच्या एका शहरात जुन्या कपाटांची आणि वाद्यांची दुरुस्ती करणारं वर्कशॉप आहे. तिथल्या मालकीणबाईंनी कळवलंय की अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत एक नमुना घेऊन या. हातभर लांब, वीतभर रुंद फळी, लाटांची नक्षी असलेल्या लाकडाची, हातहत्यारांनीच गुळगुळीत केलेली. पॉलिश पेपर लावायचा नाही, त्यानं नक्षी धुरकटते. आणि फळी अर्ध्या बोटापेक्षा पातळ झालेली चालणार नाही. पसंत पडली तर मार्चपासून मी तिथे कामाला. बाबांसाठी एका संस्थेत खाट सांगून ठेवलीय. मी हे फोनवर बोलले तेव्हा बाबा समोरच होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते जेवायलाही वळले नाहीत.

फळी बाबांच्याच साठ्यातली आहे. दिसायला देखणी, वागायला महाखट. एक बोटभर रंधा छान सरकतो, पुढच्या बोटावर कपच्या उडून खड्डे पडतात. फळी फिरवून उलटा मारला तर आधी जे गुळगुळीत होतं ते उकलतं. रंधा कुठून कुठे न्यायचा ते दाखवायला बाबा पेन्सिलीनं बाण काढायचे, आठवतं? तो बाण कुठल्या दिशेला काढावा तेच मला कळत नाहीये. बाबांना फळी दाखवली, त्यांनी डोळे मिटून घेतले.

काय करू ते सविस्तर लिहा.

तुमची,
ढलपी


९ जानेवारी

चि. ढलपीस आशीर्वाद,

दादाच्या घरून तीस वर्षांत आलेलं हे पहिलं पत्र. दारातच उभ्या उभ्या वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. फोन नंबर मागितला नाहीस ते उत्तम केलंस. माझ्या कानांनी केव्हाच राजीनामा दिलाय.

दादाचं वाचून वाईट वाटलं. त्याला माझं काही सांगू नकोस. माझं इथे बरं चाललंय. कामं भरपूर असतात, हात रिकामा नसतो.

आता लाकडाचं. लाटेच्या लाकडात शिरा वर येतात, लगेच खाली बुडतात, पुन्हा वर येतात. तू कुठूनही आलीस तरी निम्म्या लाटांना उलटीच येतेस. त्यामुळे एक बाण पुरत नाही, आणि बाण शोधत बसायचंही नाही. रंधाच असा लावायचा की त्याला उलटं-सुलटं कळू नये.

धार लाव. लावलेली असेल, तरी लाव. पात्यावर जी लोखंडी पट्टी बसते ती धारेच्या इतकी जवळ आण की मध्ये केस मावेल न मावेल. पातं शीर उचलायला लागलं की ही पट्टी तिला तिथल्या तिथे मोडते, मग ती मुळापासून उपटली जात नाही. रंध्याचं तोंड, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं ती फट, बारीक ठेव. सालपट असं पातळ निघायला हवं की ते कागदावर ठेवून खालची अक्षरं वाचता यावीत. रंधा सरळ ढकलू नकोस, जरा तिरका धर. घट्ट पिळलेला ओला फडका आधी फळीवरून फिरव, शिरा मऊ पडतात. एवढं करून जे उरेल त्याला खरवडायची पोलादी पत्री. तिची कड नीट वळवलेली असेल तर भुसा न पडता बारीक सालं निघतील. अंगठे भाजतील, ते भाजू देत.

जमलं की कळव. नाही जमलं तर आधी कळव.

काका


१७ जानेवारी

ती. काका,

तुम्ही सांगितलं तसंच केलं आणि जमलं होतं. "होतं" हा शब्द नीट वाचा.

मंगळवारी दुपारी अडीचपर्यंत फळी अशी झाली होती की हात फिरवताना डोळे मिटले तर काच वाटावी. आनंदानं बाबांच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी तळवा फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि फळी परत दिली. बाजारातून आले, चहा टाकला, खिडकीतून फळीवर तिरपा उजेड पडला होता त्यात बघितलं तर मधोमध चार बोटांच्या पट्ट्यात खड्डेच खड्डे. सकाळच्या सपाट उजेडात दिसले नसणार. दोन दिवस घालून सगळी फळी त्या खड्ड्यांच्या तळापर्यंत खाली आणली. शुक्रवारी झाली, वाटलं सुटले. शुक्रवारी संध्याकाळी त्याच उजेडात दुसऱ्या टोकाला तेच.

काल पुन्हा. मी दुपारी दोनला काम संपवते, फळी चांगली असते, आणि पाचला ती खराब निघते. माझे डोळे गेलेत की डोकं, कळत नाही. फळी सुरुवातीला अंगठ्याएवढी जाड होती, आता बोटाएवढी राहिलीय.

बाकी ठीक. बाबा जेवतात. कपडे धुताना त्यांच्या खिशात सालपटं सापडतात, जन्माची सवय, मी दिलेलं हातात घोळवत असतील. दिवसातून चाळीस वेळा तरी वाटी वाजते. काल मी रागानं चमचा लपवून ठेवला आणि पाच मिनिटांनी रडत परत नेऊन दिला.

ढलपी


२२ जानेवारी

चि. ढलपी,

तुझं पत्र वाचलं. खरं तेच लिहितो, राग मानू नकोस.

पट्टी जवळ आहे, तोंड बारीक आहे, धार आहे, तरी खड्डे पडतात, म्हणजे दोष हत्याराचा नाही. तुझा हात जड पडतो. शेवटी शेवटी माणूस घाई करतो, रंध्यावर भार टाकतो, आणि झालेलं काम स्वतःच उकलतो. त्याला ते तेव्हा दिसत नाही, उजेड फिरला की दिसतं. काही हात मूळचेच जड असतात. तसं असेल तर वेळीच ओळखलेलं बरं, पुढे जिवाला फार लागत नाही.

तरी एकदा निरखून बघ. खड्ड्यांवरून नख फिरव, कुठल्या बाजूनं अडकतं ते बघ. आणि तिरप्या उजेडात रंध्याच्या पात्याच्या पुसट खुणा दिसतात, त्या कुणीकडे कललेल्या आहेत तेही लिही.

काका


२८ जानेवारी

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मी ते चुलीत घालणार होते. इथे चूल नाही, गॅस आहे, म्हणून वाचलं.

"तुझा हात जड आहे" हे वाक्य बाबा मला लहानपणापासून ऐकवत आलेत. त्यांची वाचा गेली तेव्हा, देव क्षमा करो, एक क्षण वाटलं की आता हे तरी ऐकावं लागणार नाही. ते आता टपालानं आलं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नख डावीकडून उजवीकडे नेताना अडकतं. मी फळीवर सगळीकडे उजवीकडून डावीकडे रंधा मारते, त्यामुळे ते त्या दिशेनं अडकायला हवं, पण अडकत नाही. पात्याच्या खुणा बाकी फळीवर डावीकडे कललेल्या आहेत, खड्ड्यांच्या पट्ट्यात मात्र उजवीकडे. ह्याचा अर्थ मला लागत नाही. तुम्हाला लागला तर ठीक, नाही तर राहू दे. फळी आता बोटापेक्षा पातळ झालीय. अजून तीनदा खाली आणता येईल, चौथ्यांदा नाही.

संस्थेतून फोन आला होता, खाट पक्की करायची का म्हणून. मी "दोन दिवसांनी सांगते" म्हटलं. हल्ली मी सगळ्यांनाच दोन दिवसांनी सांगते.

ढलपी


६ फेब्रुवारी

चि. ढलपी,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

तुझा हात जड नाही. उजव्या हाताचा माणूस रंधा तिरका धरतो तेव्हा तो एका बाजूला कलतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या बाजूला. तुझ्या फळीवर दोन माणसांच्या खुणा आहेत. एक तू आहेस. दुसरं माणूस तुझ्या घरात एकच आहे, आणि त्याच्या खिशात सालपटं सापडतात.

पत्र मिळालं की तीन वाजता पिशवी घेऊन निघ, पण बाजारात जाऊ नकोस. बोळातून वळसा घालून मागच्या खिडकीशी उभी राहा. त्या खिडकीचं खालचं तावदान माझ्या वेळी फुटकं होतं, अजून असेल तर बरंच.

आता माझं. मलाही असाच एक नमुना करायचा होता. दुसऱ्या गावी एका मोठ्या कारागिराकडे जायचं होतं, लाटेचीच फळी, दीड महिन्याची मुदत. मी जेवून डुलकी काढायचो, उठून बघावं तर खड्डे. दादा शेजारी यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "तुझा हात जड आहे रे. इथेच राहा, माझ्या हाताखाली. तुला काय कमी आहे?" मुदत संपली. फळी पुठ्ठ्याएवढी झाली होती. मी त्याला म्हटलं, जड हाताच्या माणसाचं वर्कशॉपमध्ये काय काम, आणि निघालो. तो फाटकापर्यंत मागे आला. त्याला काहीतरी सांगायचं होतं हे आता समजतंय.

"कामं भरपूर असतात" हे मी तुला खोटं लिहिलं. मी तीस वर्षं प्लायवुडच्या कारखान्यात प्रेसवर होतो. कान तिथेच गेले. रंधा पुन्हा हातात धरला नाही. आता एका खोलीत राहतो, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. तुला जे सगळं लिहिलं ते आठवणीतून लिहिलं. त्या खुणांचा कल माझ्याही फळीवर होता, तो मला आज दिसतोय. तेव्हा मी माझ्या हाताशिवाय कुठे बघतच नव्हतो. आणि ज्या वाक्यानं माझं वाटोळं केलं ते मी तुला लिहून पाठवलं, ह्याची मला लाज वाटते.

काका


१२ फेब्रुवारी

ती. काका,

तावदान अजून फुटकंच आहे.

बाबा उभे होते. उजवा पाय ओढत, भिंतीला धरून बाकड्यापर्यंत आले आणि पोट टेकवून उभे राहिले. जीभ लावून बोट ओलं केलं, फळीवर फिरवलं, लाटा बघितल्या. बराच वेळ जागा शोधत होते. मग डाव्या हातानं रंधा उचलला आणि उलट्या बाजूनं दोनच हात मारले. रंधा पुसून होता तिथे ठेवला. सालपटं वेचून खिशात घातली. परत खुर्चीत बसायला त्यांना दहा मिनिटं लागली, मधे एकदा पडता पडता राहिले. मी तोंडावर हात धरून उभी होते.

मी आत गेले नाही. बाजारात गेले आणि काही न घेता परत आले. मला इतका राग आला होता की त्यांच्यासमोर जेवणाचं ताट आदळूनच ठेवलं. दीड वर्ष मी त्यांना उचलतेय, काका. पाठ गेलीय माझी.

मग मी ते खड्डे नीट बघितले. मोजले. तुम्ही कारागीर आहात म्हणून तुम्हाला हे कळेल. एकही खोल नाही. सगळ्यात उथळ लाट निवडलेली, दोन हातांच्या वर तिसरा हात नाही. नेमकं दोन दिवसांचं काम. मागचे सगळेही तसेच होते. त्यांना फळी मोडायची असती तर पटाशीचा एक घाव पुरला असता. ते माझ्याकडून दर वेळी दोन दिवस मागून घेत होते.

आता मी काय करू ते सांगा. पकडलं म्हणून सांगितलं तर ते पुन्हा माझ्याकडे बघू शकणार नाहीत. नाही सांगितलं तर फळी संपेल. एवढं समजल्यावर त्यांना त्या खाटेवर नेऊन टाकायचं माझ्याच्यानं होणार नाही, आणि इथेच राहिले तर दहा वर्षांनी मीच त्यांच्यावर चमचा फेकून मारीन. कुठेही वळले तरी माझ्यापुढे भिंतच आहे.

ढलपी


१७ फेब्रुवारी

चि. ढलपी,

मी येतोय. बावीस तारखेला सकाळी पोचेन. संस्थेला नाही म्हणून कळव.

उपकार वगैरे मनात आणू नकोस. एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आहे, आणि तिथे निदान समोर भिंतीऐवजी दादा असेल.

तोवर एक कर. बाजारात जाताना फळी पिशवीत घालून घेऊन जा. बाकड्यावर त्याच लाकडाचा दुसरा तुकडा ठेव. त्याला ते कळेल, त्याला लाकडातलं सगळं कळतं. कळू दे.

काका


२० मार्च

चि. ढलपीस आशीर्वाद,

तुझी फळी मालकीणबाईंनी खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितली आणि तुला "हे काम कुणाकडे शिकलीस?" म्हणून विचारलं, तू "दोघांकडे" म्हणालीस, हे वाचून मी पत्र दादासमोर धरलं. त्यानं ते हातात घेतलं ते दुपारपर्यंत परत दिलं नाही.

इकडची हकिगत विचारलीस. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही, त्यामुळे भांडणाची सोय उरलेली नाही. वाटी वाजवलेली मला ऐकू येत नाही हे त्याला दोन दिवसांत समजलं. आता चमचा फेकून मारतो. नेम चांगला आहे.

सुटलो असं मी म्हणणार नाही. मी इथे तुझ्याइतकाच अडकलोय. अंघोळ, औषध, चादरी, पुन्हा अंघोळ. परवा त्याला उचलताना माझीच कंबर धरली आणि आम्ही दोघं अर्धा तास जमिनीवर बसून होतो. तेव्हा तीस वर्षांचा राग वर आला आणि मी त्याला नको ते बोललो. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. त्याला ऐकू येतं ना.

तू गेल्यावर मी बाकड्यावर एक नवी फळी लावली, लाटेचीच. मी रंधा हातात घेत नव्हतो, नुसती पत्रीनं खरवडत बसायचो. रोज तीनला पिशवी घेऊन निघतो आणि चारला येतो. रोज दोन हातांचे खड्डे असतात. मी मुद्दाम जातो. डॉक्टरांनी कागदावर लिहून विचारलं, पाय सुधारतोय, कसला व्यायाम देता? मी म्हटलं, सुतारकाम.

मंगळवारी मी फळीवर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माझा हात खरंच जड होता का?" आणि बाजारात निघून गेलो. कोपऱ्यावर बसून राहिलो. परत यायची भीती वाटत होती, ह्या वयात.

आलो तर फळीवर खड्डे नव्हते. अक्षरंही नव्हती. सगळी फळी त्यानं एका हातानं, एकेक लाट धरून, साफ काढली होती, आणि काचेसारखी ठेवली होती. घामानं भिजून खुर्चीत बसला होता. अक्षरं होती तिथे एक बाण काढला होता. मी वाकून शिरा बघितल्या. दिशा बरोबर होती. आणि रंधा नेहमीच्या जागी नव्हता, बाकड्याच्या माझ्या बाजूला होता, मूठ माझ्या उजव्या हाताकडे करून.

त्याच्यादेखत मी तो उचलला. बाणाप्रमाणे एकदाच मारला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दादा माझ्या हाताकडे बघत होता आणि रडत होता, आणि मीही रडत होतो.

सालपट अख्खं निघालं. मी ते तुझ्या पत्रावर ठेवलं आणि खालची सगळी अक्षरं वाचता आली. ते सोबत पाठवतोय. पाकीट जपून उघड.

काका